पारावर अडलेली घोडी

अभिमनचा धंदा तसा साधा होता. पारोळ्याच्या वरच्या अंगाला धरण झालं, त्यात जुनं आंबेटेक बुडालं, आणि मारुतीचा पार होता ती टेकडी तेवढी पाण्याबाहेर राहिली. लोक तिला बेट म्हणू लागले. हिवाळ्यात तिथे लांबलांबचे पक्षी उतरत आणि ते बघायला धुळ्या-जळगावची माणसं येत. बेटावर जायची वाट म्हणजे बुडालेला गावरस्ताच. पौषात त्यावर घोड्याच्या गुडघ्याएवढं पाणी असे, पण दोन्ही अंगांना थांग न लागणारा खोलावा. अभिमनने कडेने बाभळीचे खुंट ठोकून त्यांना पांढऱ्या चिंध्या बांधल्या होत्या. पुढे काळ्या घोड्यावर तो स्वतः, मागे दोराने जोडलेली पांढरी घोडी, तिच्यावर पाहुणा. पार दाखवायचा, पक्षी दाखवायचे, परत आणायचं.

घोडी मात्र त्याची नव्हती. ती तोतारामनानांची. लग्नसराईत ती नवरदेव वाहून न्यायची आणि एरवी अभिमनच्या दावणीला असायची. देताना नानांनी एकच अट घातली होती. "फेटा बांधेल माणूस तिच्यावर बसाडीसन तठे नेवाना नही." बेटावर फेटेवाल्याला मनाई का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि अभिमननेही विचारलं नाही. म्हाताऱ्यांच्या डोक्यात काय काय असतं, ते कोण विचारत बसणार?

एकोणनव्वदच्या जानेवारीत एके सकाळी जळगावच्या पिंप्राळ्याहून कुंदाबाई आल्या, धाकट्या भावाला घेऊन. वाल्मीक नुकताच शाळेत मास्तर झाला होता आणि त्याचं लग्न माघात ठरलं होतं. आई गेल्यावर कुंदाबाईंनीच त्याला वाढवलं, स्वतःचा संसार मागे टाकून. त्यांना पाण्याची भीती, म्हणून त्या काठावरच थांबल्या. पण लग्नाआधी घोडीवरचा एक फोटो हवाच, असा त्यांचा हट्ट. अभिमनजवळ फोटोपुरता एक गुलाबी फेटा असे. त्याचा हात क्षणभर अडला. पण बाई इतक्या कौतुकाने बघत होत्या, की त्याने फेटा बांधला आणि चांगला तुरा काढून बांधला.

"सांभाळून न्या बरं भाऊ," कुंदाबाई म्हणाल्या. "मला याच्याशिवाय कोणी नाही."

"ताई, चहा उकळेपर्यंत परत आणतो," अभिमन म्हणाला.

अर्धी वाट गेली तोवर ऊन होतं. मग पाण्यावरून धुकं उठलं. काठ दिसेनासा झाला, बगळ्यांची कलकल मध्येच कापल्यासारखी थांबली. राहिला फक्त खुरांचा डुबुक डुबुक आवाज. आणि हळदीचा वास, ओल्या, नुकत्या वाटलेल्या हळदीचा. पाण्यात हळद कोण वाटणार, असं मनाशी म्हणत अभिमन पुढे निघाला.

पाराशी घोडी आपोआप थांबली. मारुती कधीच नव्या गावठाणात नेला होता. उरला होता नुसता चौथरा आणि पिंपळाचा वाळका बुंधा. वाल्मीकने खाली उतरायला पाय काढला, तर घोडीने अंग असं आकसलं की तो पुन्हा खोगिरातच बसला. तीनदा तसंच झालं.

"हिला काय झालं हो?" तो हसत म्हणाला. चौथ्यांदा मात्र हसला नाही.

अभिमनने घोडे वळवले. खुंट एकामागून एक लागत गेले, पांढऱ्या चिंध्या धुक्यातून पुढे येत होत्या. आता काठ येईल असं वाटत असतानाच समोर पार आला. पुन्हा वळले, पुन्हा पार. तिसऱ्या वेळी अभिमनने चिंधीला हात लावून पाहिला. ती पिवळी होती आणि तिला हळकुंड बांधलेलं होतं. त्याने तशी चिंधी कधी बांधली नव्हती. नानांची अट त्याला आता कुठे कळली.

आंबेटेकची रीत सगळ्यांना ठाऊक होती. नवरदेव घोडीवरून पारापर्यंत यायचा आणि वधूकडचं माणूस लगाम धरून उतरवत नाही, तोवर जमिनीला पाय लावायचा नाही. धरण भरलं त्या साली नानांच्या लेकीचं, द्रौपदाचं, लग्न होतं. गावाने सामान हलवलं होतं, पण मुहूर्त आधीच धरलेला. नाना हीच घोडी घेऊन नवरदेवाला आणायला गेले आणि मागे पावसाने रस्ता गेला. वऱ्हाड तिकडूनच परत फिरलं. लोक म्हणाले, चल बाई. हळद लागलेली मुलगी मांडवातून हलेना. रात्री पाणी चढलं. सकाळी मांडव नव्हता आणि द्रौपदाही नव्हती.

"सर, घाबरू नका," अभिमन म्हणाला. त्याने काळ्यावरून उतरून वाल्मीकच्या डोक्यावरचा फेटा काढला आणि पारावर ठेवला. लगेच घोडीचं अंग सैल झालं. वाल्मीक धपकन खाली आला आणि अभिमनला बिलगला.

तेवढ्यात पिंपळाच्या बुंध्यामागून बायकांची कुजबूज आली. पाण्याखालून यावी तशी.

"नवरदेव कोठे शे...? बठ्ठा वाट देखी र्‍हायनात..."

धुकं आणखी जवळ सरकलं. काळा घोडाही आता पाऊल उचलेना. पारावरचा फेटा हळूहळू भिजत होता, जरी त्यावर पाणी कुठूनच पडत नव्हतं. त्यांना नवरदेव हवा होता; रिकामा फेटा ठेवून सुटका होणार नाही, हे अभिमनला उमगलं. चूक त्याची होती. काठावर ती बाई चहा उकळत बसली असेल, आणि तिचं सगळं आयुष्य या घाबरलेल्या पोराच्या रूपाने त्याच्या दंडाला धरून उभं होतं. अभिमनची चाळिशी आली होती. घरी वाट बघणारं कोणी नव्हतं. गावातले लोक त्याला चिडवत, की तुझं बाशिंग पुढच्या जन्मी. त्याने वाल्मीकला काळ्यावर बसवलं, मधला दोर सोडला, फेटा उचलून स्वतःच्या डोक्याला बांधला आणि घोडीवर चढला.

"काळ्याची मान धरा आणि डोळे मिटा," तो वाल्मीकला म्हणाला. "तो दावणीकडे नेतो."

काळा घोडा निघाला. त्याचा डुबुक डुबुक आवाज लांब गेला, आणखी लांब, आणि मग कुंदाबाईंची हाक ऐकू आली. पोचला तर. अभिमनचे डोळे भरून आले. मग एका गार हाताने लगाम धरला. हातात हिरवा चुडा होता.

"कितला उशीर करा..." कोणीतरी म्हणालं, रागाने नव्हे.

तो दिवे लागायच्या वेळी परत आला. घोडी कोरडी होती, तो मात्र छातीपर्यंत ओला. मधला दिवस कुठे गेला ते त्याला आठवत नव्हतं. कुंदाबाई भावाला घेऊन दुपारच्या एसटीने गेल्या होत्या. शेजारची झुंबरबाई म्हणाली, बाई सारख्या रडत होत्या, आणि दिवसभर पाण्यावर धुकं नव्हतंच, चांगलं लख्ख ऊन होतं.

अभिमन घोडी परत करायला नानांकडे गेला. कबुली द्यायची, शिव्या खायच्या, असं त्याने ठरवलं होतं. पण नाना दारात उभे होते, धुतलेलं धोतर नेसून, तांब्या घेऊन. ते खाली बसले आणि त्यांनी अभिमनच्या पायांवर पाणी घातलं, जावयाच्या घालतात तसं. ओघळ अंगणात पिवळा दिसला.

आत चुलीवर वरण शिजत होतं. नानांच्या घरात गेली कित्येक वर्षं एकच ताट वाढलं जायचं. आज दोन पाट शेजारी शेजारी मांडले होते. अभिमन एकावर बसला. नाना त्याच्या खांद्यापलीकडे बघत होते, आणि त्यांचा म्हातारा चेहरा मऊ झाला होता.

"बस वं माय," ते हळूच म्हणाले. "थकी गई व्हशी."

अभिमनने मान वळवली नाही. फक्त हात थोडा बाजूला सरकवला. शेजारचा पाट ओला होता, आणि पाणी अजून ठिबकत होतं.