लॉक राहिलेला ट्रॅक

दादाने माझ्या एडिट रूममध्ये शिरताच खुर्ची ओढली आणि फर्मावलं, "दाखव." आई जाऊन आठवडाही झाला नव्हता. संध्याकाळच्या शोकसभेसाठी तिच्या आठवणींचा व्हिडिओ मी जोडत होते, आणि माझ्या या थोरल्या भावाला तो आधी पास करायचा होता.

आईच्या वाढदिवसापाशी तो अडला. वहिनीने मोबाइलवर केलेलं शूटिंग. आई खुर्चीत बसलेली, मागे तिच्या खोलीचं बंद दार. केक खाता खाता ती कॅमेऱ्याकडे वळते आणि म्हणते, "बाहेर जाताना कडी नका रे लावू. आत जीव गुदमरतो."

"काप ते," दादा म्हणाला.

"तू तिला कोंडून ठेवायचास?"

"पाहुणीसारखी यायचीस, तुला बोलायला काय जातंय? काप. मूळ फाइलही उडव."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी चार लोकांत तमाशा नको म्हणून माउस हातात घेतला. आई वळते तिथे सुरुवातीची खूण केली, तिचे ओठ मिटतात तिथे शेवटची. मधला तुकडा उडवला. पुढचं चित्र सरकत आलं आणि फट बुजली. आईचं गाऱ्हाणं मिटवणं इतकं सोपं निघालं, याची मला चीड आली.

रागाच्या भरात मी नवशिक्यासारखी चूक केली होती. आवाजाचा ट्रॅक सकाळी लॉक केला होता, तो उघडायचा राहिला. चित्र गेलं, आवाज जागच्या जागी राहिला. त्यावर आता दादाचं वाढदिवसाचं भाषण सरकून आलं होतं, आईला फुलासारखं जपल्याचं.

प्ले केलं.

"कडी नका रे लावू," पडद्यावरचा दादा म्हणाला. आवाज आईचा, ओठ त्याचे. अक्षर न् अक्षर जुळत होतं. असं जुळवायला मला एरवी अख्खी दुपार लागते.

"हा काय चावटपणा लावलायस?"

"मी काहीच केलं नाही."

ट्रॅक उघडला, आवाज पुसून टाकला. टाइमलाइनवर तिथे आता फक्त रिकामी पट्टी होती. पुन्हा प्ले केलं.

"आत जीव गुदमरतो."

या वेळी आवाजही दादाचाच होता.

"बंद कर ते!" तो ताडकन उठून दाराशी गेला. दाराची मूठ फिरवली. ओढलं. मग खांदा लावला.

"बाहेरून कडी घातलीय कोणीतरी!"

ती सरकताना मीही ऐकली होती.

पडद्यावर वाढदिवस चालूच होता. आईची खुर्ची रिकामी होती. मागचं दार सताड उघडं.

"अगं, कडी काढायला सांग कुणाला तरी," दादा म्हणाला. त्याला धाप लागली होती.

माझ्या एडिट रूमच्या दाराला बाहेरून कडीच नाही.