मध्यंतरानंतरची पाच मिनिटं

सोमवारी सकाळी साडेदहाला फुटबॉल संघटनेच्या परळच्या कचेरीत तीच क्लिप सातव्यांदा वाजली.

"मध्यंतरानंतर पाच मिनिटं वाढवून देते. घाई करू नका. शेवट तुमच्या मनासारखा होईल."

आवाज अक्षदा घाडीचा होता, यात वादच नव्हता. लालबागची अक्षदा, आंतरराष्ट्रीय सामन्यांची रेफरी. 'शेवट' या शब्दाआधी आवाज किंचित अडखळत होता. मागे कुणी काहीतरी ठोकत होतं. ठक. मग बारीक टण् असा नाद. पुन्हा ठक.

काल भारताच्या मुलींचा परदेशी संघाशी मैत्रीचा सामना झाला. नव्वद मिनिटं बरोबरी होती. अक्षदाने पाच मिनिटं वाढवून दिली, चौथ्या मिनिटाला पाहुण्यांना पेनल्टी दिली आणि आपण हरलो. रात्री ही क्लिप निनावी नंबरावरून संघातल्या मुलींच्या ग्रुपवर आली आणि तिथून गावभर झाली.

"आज पाचपर्यंत आशियाई स्पर्धेसाठी एका रेफरीचं नाव पाठवायचंय," सचिव म्हणाले. "अक्षदाचं पाठवू की खोडू, ते तुम्ही सांगायचं. खोडलं तर पोरीच्या हातात पुन्हा शिट्टी येणार नाही."

ज्यांना सांगितलं त्या नलू कोचरेकर. पोलिसातून निवृत्त झालेल्या फौजदार, आता संघटनेच्या चौकशी अधिकारी. एरवी संध्याकाळी त्या दादर-गिरगावात कुठल्यातरी कीर्तनात पुढच्या रांगेत सापडत.

"बोलतेय कुणाशी?" त्यांनी विचारलं.

"असेल कुणी दलाल. तो सापडला की झालं."

नलूताईंनी भिंतीकडे पाहिलं. शुक्रवारी विमानतळावर झालेल्या स्वागताचा फोटो तिथे होता. पाहुण्या संघाचे चार अधिकारी, चारही पुरुष, आणि त्यांच्या गळ्यात हार घालणारा आपल्या संघाचा मॅनेजर दीपक मेस्त्री.

"अक्षदाला बोलवा."

अक्षदाचे डोळे सुजले होते.

"आवाज माझाच आहे, ताई. पण मी हे बोलले कधी? आठवून आठवून डोकं फुटायची वेळ आली."

"सामन्याआधी कुणाला भेटलीस?"

"कुणाला नाही. मैदान आणि घर. गेला महिना तर चाळीतल्या सप्ताहाने खाल्ला. सात दिवस पाहुण्यांची ने-आण, वेळा सांभाळणं, सगळं माझ्याच गळ्यात."

"पेनल्टी?"

"कर्णधार ओवीच्या हाताला चेंडू लागला. मी विचारायच्या आधी तीच म्हणाली, 'हो ताई, लागला.' ती एवढी खरी वागली आणि मी खोटी?"

दुसरी, दुपारी आली वैदेही. कालची चौथी पंच, म्हणजे मैदानाबाहेर वेळेची नोंद ठेवणारी. अक्षदाचं नाव खोडलं तर यादीत तिचं लागणार होतं. सचिवांनी डोळ्यांनीच नलूताईंना खुणावलं.

"तुझा फायदा आहे ना यात?"

"आहे की." वैदेहीने मान ताठ केली. "म्हणून खोटं बोलू? गोलकीपर पडली तेव्हा अडीच मिनिटं गेली. खेळाडू बदलण्यात तीनहून जास्त. मी सहा म्हटलं, तीच म्हणाली पाच. लिहून घ्या."

"ही बोलतेय कुणाशी?"

"तो कोण, मला काय माहीत? पण परदेशी माणसाशी कुणी मराठीत बोलेल का?"

चारच्या सुमारास तिसरा, दीपक मेस्त्री. अक्षदाच्याच चाळीत राहणारा.

"माझ्यासमोर लहानाची मोठी झाली हो," तो हळहळला. "विश्वास बसत नाही. पण आवाज तर ऐकलात ना?"

"मागे ठोकाठोक कसली?"

"मैदानावर कुणी खुंट्या ठोकत असेल. जाळी बांधतात ना."

"मुलींचं काय?"

"रडतायत. त्यांनी जीव काढून खेळायचं आणि हिने त्या बाईला आधीच शब्द देऊन ठेवायचा! कुणाला तोंड दाखवायचं आम्ही?"

नलूताईंनी मान हलवली, डायरीत एकच शब्द लिहिला आणि त्याखाली रेघ मारली. मग त्या बाहेर जाऊन अक्षदाशी दोन वाक्यं बोलल्या, तिच्याकडून एक नंबर घेतला आणि व्हरांड्यात उभ्या राहून फोन लावला. दहा मिनिटांनी परतल्या तेव्हा साडेचार वाजले होते.

"सगळ्यांना आत घ्या."

चौघे बसले. नलूताईंनी क्लिप पुन्हा लावली.

"सगळ्यांनी शब्द ऐकले. मी ठोकाठोक ऐकली. खुंटी ठोकणारा एकामागून एक घाव घालतो. हा एक घाव घालतो, बोटाने टण् करून सूर बघतो, मग दुसरा घालतो. हा तबला लावतोय. ही जागा मैदानाची नाही, कीर्तनाची आहे."

अक्षदा ताडकन उठली. "सप्ताह!"

"बस. मध्यंतर काय फक्त फुटबॉललाच असतं? कीर्तनात पूर्वरंग संपतो, बुवांना हार घालतात, भजन होतं आणि मग उत्तररंगात आख्यान. तुमच्या सप्ताहात सात कीर्तनकार. पैकी सहा बुवा, एकच बाई, लतिकाताई. आरतीमुळे आख्यान आवरतं घ्यावं लागेल, म्हणून त्या काळजीत होत्या. ही म्हणाली, पाच मिनिटं वाढवून देते."

"पण हे टेप केलं कुणी?" सचिवांनी विचारलं.

"'घाई करू नका.' समोर पुरुष की बाई, या वाक्यावरून कळतं? नाही. म्हणून तुम्ही म्हणालात 'तो दलाल'. वैदेही म्हणाली 'तो कोण'. एकच माणूस म्हणाला, 'त्या बाईला'."

दीपक हसला. "काय ताई! बायकांचा फुटबॉल आहे, बाईच वाटणार ना?"

"तो फोटो बघा. पाहुण्यांचे चारही अधिकारी पुरुष आहेत. हार तुम्हीच घातलात. मग तुमच्या डोक्यात बाई आली कुठून?"

"जीभ घसरली असेल."

"असेल. म्हणूनच लतिकाताईंना फोन केला. स्वतःचं कीर्तन ऐकून चुका काढायची त्यांना सवय. त्यांनी रेकॉर्डिंग मागितलं होतं. माइक आणि रेकॉर्डिंग सांभाळणाऱ्या माणसाने, माइक सुरू झाल्यापासूनचं सगळं, न कापता, त्यांना पाठवलं. तुम्हीच पाठवलंत, दीपकराव."

त्यांनी आपला फोन टेबलावर ठेवला. तीच ठकठक, तोच आवाज.

"लतिकाताई, मध्यंतरानंतर पाच मिनिटं वाढवून देते. घाई करू नका. आख्यानाचा शेवट तुमच्या मनासारखा होईल."

"सुरुवातीला नाव कापलंत, मधून 'आख्यानाचा' कापलंत. अडखळते ती जागा तीच."

"चार सामने हरलो," दीपक खाली बघत म्हणाला. "पाचवा हरलो तर मला काढणार होते. रेफरी खोटी ठरली असती तर... हार आमची नसती."

"आणि माझं काय, दीपककाका?" अक्षदाने विचारलं.

सचिव खाकरले. "घरातली गोष्ट आहे. गैरसमज झाला म्हणू. नाव तर आपण पाठवतोच आहोत."

"गैरसमज कुणाचा?" अक्षदा वळली. "क्लिप ज्या ग्रुपवर गेली, त्याच ग्रुपवर पूर्ण रेकॉर्डिंग जाऊ दे. काकांच्या स्वतःच्या नंबरावरून. खाली त्यांचं नाव. मैदानात चूक करणाऱ्याचा नंबर मी सगळ्यांसमोर लिहिते, साहेब. कोपऱ्यात नेऊन लिहीत नाही."

"बरोबर आहे," वैदेही म्हणाली.

दीपकने नलूताईंकडे पाहिलं. त्या हलल्या नाहीत. त्याने खिशातून फोन काढला. पूर्ण रेकॉर्डिंग जोडलं, खाली आपलं नाव टाइप केलं आणि संदेश पाठवला.

पाचला सात कमी असताना सचिवांनी यादीवर सही केली.

"पुढच्या वर्षी ती जागा मीच घेणार हं," वैदेहीने अक्षदाला कोपराने ढोसलं. "तुझ्यापेक्षा जास्त धावून."

अक्षदा हसली आणि मग एकदम तिला रडूच आलं. पदराशिवाय डोळे पुसायची सवय नसलेल्या नलूताईंनी आपलाच पदर पुढे केला.

"घरी कळव आधी."

"आई सकाळपासून दार लावून बसलीय, ताई. नळावर पाण्यालासुद्धा गेली नाही." तिने फोन लावला.

"आई, दार उघड," अक्षदा म्हणाली. "सताड उघड. आणि हंडा घेऊन खाली जा, पाणी जाईल."