शालिग्रामची वळकटी

खामगावच्या बसस्टँडवर उंद्रीची मुक्कामी गाडी लागली तेव्हा दिवस कलायला आला होता, आणि मला गाडीत चढवायचं कसं यावरून बाबा आणि हमाल यांच्यात जुंपली होती. वाद माझ्यावरून चालला होता आणि मला कुणी विचारत नव्हतं. मी आपली दोन कुबड्यांवर उभी... नवा खुबा घेऊन.

मुंबईला माझ्या उजव्या खुब्याचा सांधा बदलला होता. नवव्या वर्षी हाडाच्या क्षयानं तो खाल्ला, तेव्हापासून मी लंगडत होते. तेविसाव्या वर्षी डॉक्टरांनी तिथं धातूचा गोळा बसवला आणि म्हणाले, चालशील. पण अटी घातल्या. जमिनीवर बसायचं नाही. मांडी नाही, उकिडवं नाही, कमरेतून खाली वाकायचं नाही. निजताना दोन्ही पायांमध्ये उशी. आमच्याकडे जेवण जमिनीवर, चूल जमिनीवर, देव्हाराही जमिनीलगत. मग मी करायचं तरी काय, असं विचारलं, तर डॉक्टर नुसते हसले.

शेवटी हमालानं आणि बाबांनी मिळून मला उचलून वर घेतलं. पुढची सीट रिकामी होती, पण इतकी खोल दबलेली की बसले असते तर गुडघे छातीशी आले असते. तेवढ्यात मागून कंडक्टर आला. उंच, सावळा, खाकी शर्टाची वरची गुंडी तुटलेली. त्यानं सीटकडे पाहिलं, माझ्या पायाकडे पाहिलं... आणि आपल्या जागेवरची वळकटी आणून सीटवर ठेवली.

"बसा. इतकी उंच गादी आमच्या डेपो मॅनेजरलेबी नाई."

"आन् रातच्याले तुमी कशावर झोपसान?" मी विचारलं.

"उंद्री येईस्तोवर इचार करतो," तो म्हणाला, आणि तिकिटं फाडायला निघून गेला. विचार कसला करतोय! सगळ्या वाटेत तो तीनदा पुढे आला आणि तिन्ही वेळा मलाच विचारलं, पाय दुखतो का. पुढे कुणालाच तिकीट हवं नव्हतं.

उंद्रीत उतरायची एकच घाई झाली. बाबांनी आमच्या गाठोड्यांबरोबर त्याची वळकटीही उचलून घरी आणली. दिवेलागणीला तो आमच्या अंगणात उभा राहून म्हणाला, "महादेवराव, माहं अंथरूण तुमच्या पोरीपाशी राह्यलं."

शेजारच्या तानाबाई तेव्हाच कुंपणाशी शेण थापत होत्या. दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर हे वाक्य अर्ध्या गावाला पाठ झालं होतं. मी खाटेवर पडल्या पडल्या हसले. हसलं की टाके ओढायचे, तरी हसले.

वळकटी परत देण्यात अडचण होती. घरात धड उशी नव्हती, म्हणून आईनं त्यातली गोधडी गुंडाळून माझ्या पायांमध्ये घातली होती आणि आता ती काढायला तयार नव्हती. डॉक्टरांचं सांगणं आहे म्हणाली. बाबांनी त्याला घोंगडी दिली. तो घोंगडी खांद्यावर टाकून दारात जरा थांबला. नाव विचारलं तर म्हणाला शालिग्राम, गाव लोणारजवळ, घरी एकटी आई. बाबांनी इतकं सगळं विचारलं नव्हतं.

एक दिवसाआड त्याचा मुक्काम उंद्रीत असायचा. संध्याकाळी तो घोंगडी न्यायला यायचा आणि सकाळी ती परत द्यायला. म्हणजे एका घोंगडीच्या निमित्तानं दोन खेपा. सकाळी गाडी आमच्या गल्लीच्या तोंडावरून जायची. तिथं थांबा नव्हता. तरी तिथं आली की तो घंटी द्यायचा. एसटीत एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. तो एकच द्यायचा, गाडी थांबायची, ड्रायव्हर अर्जुनराव मागे वळून शिव्या घालायचे, मग तो दोन द्यायचा. माझ्या खाटेपर्यंत सगळं ऐकू यायचं, शिव्यांसकट. मला त्या शिव्यासुद्धा आवडायला लागल्या.

एकदा तो खामगावच्या रज्जाक भंगारवाल्याकडून गाडीची मोडकी सीट घेऊन आला. बाबांनी तिला खाली लाकडाचे पाय ठोकले. उंच, टणक, पाठीला आधार. मी अंगणात त्या सीटवर बसून हरभऱ्याचे घाटे सोलायला लागले. तो आला की गंभीर तोंड करून हात पुढे करायचा. तिकीट. मी त्याच्या हातावर सोललेले दाणे ठेवायचे. सुटे परत मिळणार नाहीत, असं तो म्हणायचा.

माघ लागला तशी एक कुबडी सुटली. आई मला गल्लीतून चालवायची. एका संध्याकाळी आई मागे तानाबाईंशी बोलत थांबली आणि तो माझ्यापुढे उलटा चालत राहिला... तोंड माझ्याकडे, हात थोडे पुढे, मी पडले तर झेलायला. नुसती माझी पावलं मोजत होता. एरवी याचं तोंड बंद नसायचं.

"वच्छला," शेवटी म्हणाला, "आमच्या घरी चूल जमिनीवर हाय. मी ते उंच करून घेऊन राह्यलो. कंबरंइतका ओटा."

"काऊन?"

"तुले वाकता नाई येत म्हून."

मला चालताच येईना. खुब्याचं काही नव्हतं ते. लाजेनं आणि आनंदानं पाय जागच्या जागी थांबले. प्रेमात पडल्याचं पोरीला आणखी कसं सांगतात ते मला माहीत नाही. मला तरी त्यानं चुलीवरून सांगितलं, आणि मी त्याच घटकेला त्याची झाले.

बाबांनी रीतसर चौकशी केली. जातगोत जुळत होतं. राहिली फक्त त्याची आई. सगळं तिच्यावर होतं. जमिनीवर न बसणारी, कुणापुढे न वाकणारी सून कोण करून घेतं?

त्याची आई झुंबरबाई आल्या त्या दिवशी आईनं अंगण सारवून वर सतरंजी अंथरली. त्या सतरंजीवर बसल्या आणि मी समोर गाडीच्या सीटवर. जन्मात पहिल्यांदा मी वडीलधाऱ्या बाईपेक्षा उंच बसले होते, आणि तीही होणारी सासू. नजर कुठं ठेवू ते कळेना. खाली पाहिलं तर थेट त्यांच्या डोक्यावरचा पदर दिसायचा. त्यांनीच मान वर करून माझा हात धरला. पोरानं सगळं सांगितलंय म्हणाल्या, बसू दे वर, मला चालतं. शालिग्राम भिंतीशी उभा होता. त्यानं डोळे मिटून घेतले, सुटका झाल्यासारखे.

मग त्या उठल्या. मला उभं केलं, कुंकू लावलं. मी पदर पसरला. त्यांनी ओटीत खण, नारळ, ओंजळभर तांदूळ घातले आणि माझ्या गालावरून हात फिरवला.

ओटी भरली की पोरगी काय करते? कुणाला सांगावं लागत नाही. आजीनं लहानपणी मान दाबून शिकवलेलं अंगात मुरलेलं असतं. माझं मन त्या घटकेला इतकं भरून आलं होतं की मुंबई, डॉक्टर, अटी, काही म्हणजे काही आठवलं नाही. मी पदर सावरला आणि त्यांच्या पायांशी वाकले.

"नको—" झुंबरबाई म्हणाल्या. शालिग्राम भिंतीपासून धावला.

माझी बोटं त्यांच्या पावलांना लागली आणि आत खुब्यात काहीतरी निसटलं. पुढची किंकाळी माझीच होती म्हणतात. मला आठवतात ते सारवलेल्या अंगणात पांढरे पसरलेले तांदूळ.

अकोल्याला नेऊन सांधा पुन्हा जागेवर बसवला. तिथल्या डॉक्टरांनी बाबांना बाजूला घेऊन सांगितलं, एकदा निसटलेला सांधा सैल पडतो. आता पुन्हा निसटला तर पोरगी उठायची नाही. बाजूला घेऊन सांगितलेलं पेशंटला सगळ्यात आधी ऐकू येतं. घरी आणून माझ्या पायाला पट्टा बांधला, पट्ट्याला दोरी, आणि दोरी खाटेच्या पायथ्यावरून खाली सोडून तिला विटा टांगल्या. पाय सरळ ताणलेला. हलायचं नाही. मधे ती गोधडी होतीच.

शालिग्राम येत राहिला. त्या सीटवर बसून गाडीतल्या गमती सांगायचा आणि मधेच टांगलेल्या विटांकडे पाहत बसायचा. एकदा म्हणाला, चूल बांधून झाली, मी उभं राहून पाहिलं, तुझ्या मापाला बरोबर आहे. मी तोंड भिंतीकडे वळवलं. तेवढंच वळवता येत होतं.

फाल्गुनात, त्याचा मुक्काम नव्हता त्या दिवशी, दुपारी झुंबरबाई एकट्या आल्या. आई पाणी आणायला आत गेली. त्या माझ्या खाटेच्या पायथ्याशी, टांगलेल्या विटांजवळ जमिनीवर बसल्या.

"पोरी, तू मले पसंत हायेस. मी लबाडी नाई करत. पन आमचं घर भावकीचं हाय. दीर, जावा, मोठ्या सासवा. सनावाराले, लग्नाकार्याले, रोज कोनी ना कोनी दारात. मी माहे पाय झाकून घेईन. सगळ्याइचे कसे झाकू? त्या दिवशी मी नकोच म्हनत होती, तरी तू वाकलीस."

खरंच होतं ते.

"तू वाकशीन. चांगली पोरगी हायेस, म्हूनच वाकशीन," त्या म्हणाल्या. "मले तवापासून डोया लागत नाई. आन् मी नाई म्हनलं तर शालिग्राम घर सोडीन. एकच हाय मले. तू त्याले नाई म्हन, माय."

आणि त्या पुढे झाल्या. पट्टा बांधलेल्या माझ्या पावलावर त्यांनी कपाळ टेकलं.

सासू होणाऱ्या बाईनं पोरीच्या पाया पडायचं! असं वाकणाऱ्याला खांद्याला धरून वर उचलतात, नको नको म्हणतात, आपले पाय मागे घेतात. मला यातलं काहीच करता येईना. पाय बांधलेला. उठता येईना, वाकता येईना. त्यांचं कपाळ गरम लागत होतं आणि त्या ते उचलत नव्हत्या. त्यांनी उठावं म्हणून मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो आला. मी त्याला बसूसुद्धा दिलं नाही.

"मले नाई यायचं तुमच्या घरी."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग सारवलेल्या जमिनीकडे. "माय येऊन गेली काय?"

"नाई."

"मंग काऊन?"

"मले भेव वाटते." हे निम्मं खरं होतं, म्हणून म्हणता आलं.

"तू वाकशीन तवा मी आडवा येईन ना."

"किती दिवस?"

"हाय तितके."

देवा... इतकं साधं बोलतात का कुणी? मी आईला हाक मारली आणि गोधडी काढून द्यायला सांगितलं. आईला काही कळेना, पण माझं तोंड पाहून तिनं काढली. त्यानं ती घेतली. माझ्या अंगाची ऊब होती तिच्यात. तो ती छातीशी धरून उभा राहिला.

"आन् त्या चुलीचं काय करू?" त्यानं विचारलं.

"मायले रांधू द्या त्याच्यावर. तिचेबी गुडघे दुखत असतीन."

तेव्हा त्याला सगळं समजलं असावं. तो हसायला गेला आणि तोंड वाकडं झालं. घोंगडी त्यानं मागितली नाही.

आईनं आपलं जुनं लुगडं गुंडाळून माझ्या पायांमध्ये घातलं. ते फार मऊ होतं, पाय सरकत राहिला. पहाट झाली तरी मी जागीच होते. उजाडता उजाडता गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. वेशीपासून वळली, शाळेवरून आली, आमच्या गल्लीच्या तोंडाशी पोचली.

एक घंटी झाली.

गाडी थांबली. मी अर्जुनरावांच्या शिव्यांची वाट पाहिली. त्या दिवशी त्यांनी शिवी दिली नाही. नुसतं इंजिन चालू होतं, गल्लीभर थरथरत. एक हाक मारली असती तर ऐकू गेली असती. आई दाराशी उभी राहून माझ्याकडे पाहत होती. मी दोन्ही हातांनी खाटेची कड घट्ट धरून ठेवली. गाडी थांबून राहिली, इतका वेळ की तानाबाई बाहेर आल्या, गल्लीतली कुत्री उठली...

मग दोन घंट्या झाल्या, आणि गाडी खामगावच्या रस्त्याला लागली.