'जबान'मध्ये बनलेली रिंग

"थांब, अजून एकदा ओत," सबीका म्हणाली, आणि तिचा मित्र दुऐज याने साबणाचं पाणी पुन्हा चाकावर ओतलं.

चाक अंगणातल्या शेडखाली आडवं पडलं होतं. लाल स्पोर्ट्स कार एका बाजूने जॅकवर उभी होती. तिचा मालक, म्हणजे सबीकाचा मोठा भाऊ जर्राह, नवा व्हॉल्व्ह आणायला गेला होता. चार दिवसांपूर्वी त्याने गाडीला नव्या रिंगा, म्हणजे टायरच्या आतली धातूची चाकं, आणि नवे टायर बसवले होते, आणि चारही दिवस सकाळी हेच एक चाक हवा जाऊन बसलेलं सापडत होतं. व्हॉल्व्ह खराब असणार, असं जर्राहचं म्हणणं. सबीकाला ते पटत नव्हतं.

व्हॉल्व्हपाशी एकही बुडबुडा नव्हता. टायरच्या कडेलाही नव्हता. दुऐजची आठ वर्षांची बहीण मुनीरा गुडघ्यांवर बसून सगळं बघत होती. आतल्या बाजूला, जिथून रिंगेची एक काडी फुटते तिथे तिने बोट ठेवलं. "इथे बघा ना. धातूलाच फेस आलाय."

सबीका आणि दुऐज दोघंही बारा वर्षांची, त्यामुळे आठ वर्षांच्या मुलीने आधी पाहिलं हे कबूल करायला त्यांना थोडा वेळ लागला. पण फेस खरंच होता, बारीक आणि पांढरा.

दुऐजचे वडील तेलशुद्धीकरण कारखान्यात पाइप तपासायचे, आणि त्यांची अर्धी विद्या दुऐजने जेवताना ऐकून ऐकून उचलली होती. शेडच्या कोपऱ्यात पडून असलेल्या तंबूच्या सामानातलं रॉकेल त्याने फडक्यावर घेतलं, त्या जागी चोळलं, मग स्वच्छ पुसून काढलं. वरून मुनीराने तोंडाला लावायची पावडर भुरभुरवली. तिघं माना खाली घालून बसली. थोड्या वेळाने पांढऱ्या पावडरीवर एक काळपट रेघ उमटली, बोटभर लांब.

"भेगेत शिरलेलं रॉकेल बाहेर येतं," दुऐज हळू आवाजात म्हणाला. "रिंग तडकली आहे."

उद्या शुक्रवारी जर्राह हीच गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर दोनशेच्या वेगाने पळवणार होता.

खरं तर ही सहामाहीची सुट्टी तिने बोटांवर मोजत काढली होती. गल्लीतल्या सगळ्या मैत्रिणी आईवडिलांबरोबर वाळवंटात तंबू ठोकून बसल्या होत्या. सबीकाचे आईवडील दोघंही डॉक्टर, त्यांना कुठली सुट्टी? दुऐज आणि मुनीरा सकाळी यायची, संध्याकाळी जायची, आणि मग नऊ खोल्यांच्या त्या घरात फ्रिजची घरघर तेवढी सोबतीला उरायची. परदेशी शिकणारा जर्राह दहा दिवसांसाठी आला होता. त्यातले सात दिवस गाडीनेच खाल्ले होते. सबीकाला फार एकटं वाटायचं, आणि ते सांगायचं तरी कुणाला, हाही प्रश्नच होता.

जर्राह आला. त्याने रेघ पाहिली आणि हसला. "रंगावरचा ओरखडा आहे गं."

"ओरखड्यातून हवा जाते?"

"सबीका," तो म्हणाला, आणि आता तो हसत नव्हता, "मागच्या खेपेला पोट दुखतंय म्हणून रडलीस आणि माझं विमान चुकवलंस. त्याच्या आधी पासपोर्ट लपवलास. आता रिंग तडकली. मी कुठेही निघालो की तुझं काहीतरी निघतंच."

ते खरंच होतं. पोटही दुखत नव्हतं आणि पासपोर्टही तिनेच लपवला होता. लांडगा आला रे आला करणाऱ्या पोराचं काय होतं ते तिला आता कळलं. फरक इतकाच, की इथे लांडगा तिला नाही, जर्राहला खाणार होता.

जाता जाता जर्राहने बजावलं, की या रिंगा 'वकाला'च्या आहेत. कुवेतमधल्या शुवैखच्या बाजारात गाडीचा कुठलाही भाग मागा, दुकानदार आधी विचारतो, वकाला की तिजारी? वकाला म्हणजे मूळ कंपनीचा, तिजारी म्हणजे बाजारातली नक्कल. दुकानदार बू नव्वाफने शपथेवर वकाला म्हणून दिल्या होत्या, आणि रिंगेच्या आत कंपनीच्या देशाचा शिक्काही होता. हवं तर वाचा, असं म्हणून तो आत निघून गेला.

दुऐजने शिक्का पाहिला आणि खांदे पाडले. "जपान लिहिलंय. संपलं."

पण मुनीरा इंग्रजी अक्षरं नुकतीच शिकली होती आणि दिसेल ती पाटी एकेक अक्षर लावून वाचायची तिला खोड होती. "जे, ए, बी, ए, एन," तिने वाचलं. "जबान."

दोघांनी पुन्हा पाहिलं. 'पी' नव्हताच. 'बी' होता.

अरबीत 'प' नाही. त्यामुळे कुवेतमधली अर्धी म्हातारी माणसं गाडी 'बार्किंग'मध्ये लावतात आणि पोरं त्यावर पोट धरून हसतात. दुऐजही हसला, आणि मध्येच थांबला. "हा शिक्का तिकडे कुणी मारलेलाच नाही. आपल्यासारखं बोलणाऱ्या माणसाने इथेच मारून घेतलाय."

आता हे ऐकणार कोण? आईवडिलांचे फोन दवाखान्यात बंद असत. राहिले आजोबा. गुरुवार होता, आणि दुपारच्या नमाजानंतर अंगणापलीकडे आजोबांच्या दिवाणियात पुरुषांची बैठक भरायची. बू नव्वाफही तिथे दर गुरुवारी हजर असायचा. लहानपणी सबीका तिथे बिनधास्त शिरायची. अकरावं लागल्यापासून ती गेली नव्हती. जाऊ नको असं कुणी म्हटलं नव्हतं, पण ये असंही कुणी म्हटलं नव्हतं.

चाक ढकलत तिघं दारात आली तेव्हा आतली दहाबारा माणसं बोलायची थांबली. जर्राह बू नव्वाफच्या शेजारीच बसला होता. त्याने कपाळाला हात लावला. सबीका सरळ आजोबांसमोर जाऊन बसली. कॉफी देणाऱ्याने सवयीने तिच्याही हातात छोटा पेला दिला.

तिने तो न पिता खाली ठेवला.

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. पाहुण्याने कॉफी खाली ठेवली की त्याचं काही मागणं असतं, आणि ते मान्य होईपर्यंत तो घोट घेत नाही, हा बापजाद्यांचा रिवाज. मोठमोठे लोक मोठमोठ्या कामांसाठी तसं करतात. कोपऱ्यातून कुणीतरी हसलं. आजोबा मात्र हसले नाहीत.

"पी बाळ, कॉफी पी," ते रिवाजाप्रमाणेच म्हणाले. "तुझं काम झालं म्हणून समज. बोल."

"जर्राहने उद्या या रिंगांवर गाडी पळवायची नाही."

"आजोबा, हिचं नेहमीचंच आहे," जर्राह म्हणाला. आजोबांनी हात वर करून त्याला थांबवलं.

बू नव्वाफने छातीवर हात ठेवून सांगितलं, की माल वकालाचा आहे, पोरांच्या नादी काय लागता. दुऐज अगदी नम्रपणे पुढे झाला. "काका, सुट्टीचा अभ्यास आहे. या रिंगा बनतात त्या देशाचं नाव इंग्रजीत लिहून द्या ना. माझं स्पेलिंग कच्चं आहे."

बू नव्वाफने ऐटीत, मोठ्या अक्षरांत लिहून दिलं. मुनीराने आधी कागद वाचला, मग रिंग वाचली. दोन्हीकडे जबान.

"मग त्यात चूक काय आहे?" एका म्हाताऱ्याने विचारलं, आणि त्याला समजावून सांगेपर्यंत बू नव्वाफच्या कपाळावर घाम आला होता.

रिंगा कोऱ्या येतात, तो अखेर म्हणाला. शिक्का इथे मारून घेतो, गिऱ्हाइकाला बरं वाटतं. बाकी माल हुबेहूब आहे, कुणी ओळखून दाखवावं.

"हुबेहूब दिसतं ते हुबेहूब पेलतंच असं नाही," आजोबा म्हणाले. "किती वजन पेलते ते तपासलंस?"

बू नव्वाफने मान खाली घातली. दुऐजने रॉकेल चोळून पुसलं, मुनीराने पावडर टाकली, आणि सगळ्यांच्या देखत तीच काळपट रेघ उमटली. जर्राह उठून जवळ आला. रेघेवरून त्याने नख फिरवलं, तर नख अडकलं. तो तडक बाहेर गेला आणि गाडीच्या उरलेल्या तीन चाकांवर त्याने स्वतःच तो प्रयोग केला. परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. आणखी एक रिंग तडकली होती.

"नक्कल विकणं हा गुन्हा नाही," आजोबा बू नव्वाफला म्हणाले. "ती तपासून, नक्कल म्हणून वीक. आता फोन काढ. अशा रिंगा ज्यांना दिल्यास त्या प्रत्येकाला सांग, गाडी जागची हलवू नका. इथेच बसून सांग, आम्ही ऐकतोय." बू नव्वाफने पहिला नंबर लावला. आजोबा मग सबीकाकडे वळले. "या बैठकीत शहाणी म्हणवणारी इतकी डोकी आहेत, पण आज आमच्या घराची अब्रू आणि एक जीव या तीन पोरांनी राखला."

सगळ्यांनी माना डोलावल्या. सबीकाने कॉफी पिऊन टाकली. कडू होती, पण तिने तोंड वाकडं केलं नाही.

संध्याकाळी दुऐज आणि मुनीरा घरी गेली. जर्राह शेडखाली गाडीची जुनी चाकं परत बसवत होता. सबीका नट घेऊन शेजारी बसली.

"मी तुझं ऐकायला हवं होतं," तो म्हणाला. चाक जागेवर ढकलत त्याने विचारलं, "पण खरं सांग. रिंग तडकली नसती तर?"

"तरी मी काहीतरी शोधलंच असतं," सबीका म्हणाली. "रिंग तडकली होती, आणि तू जायलाही नको होतास. दोन्ही खरं होतं. तू गेलास की इथे कुणीच नसतं रे."

"हे कधी बोलली नाहीस."

"बोलले असते तर राहिला असतास?"

जर्राहने पान्याने एक नट घट्ट पिळला. "नाही," तो म्हणाला. "परवाही जावंच लागेल." मग त्याने पुढच्या नटासाठी हात पुढे केला.

एका चाकाला पाच नट होते, आणि चार चाकं होती. सबीका एकेक नट सावकाश देत राहिली, आणि त्यानेही घाई केली नाही.