वीज गेली की मराठी जाते

जव्हारची एसटी चुकली म्हणून हेमंत मोखाड्यात बचत गटाच्या ओसरीवर पाऊस चुकवत उभा होता. आत गटाचं काम पाहणारी मंजुषा संगणकाशी भांडत होती. नागलीच्या पापडांच्या पाकिटावर पापड लाटणाऱ्या बाईचं नाव छापायचं, हा तिचा हट्ट. छापून येत होती नुसती प्रश्नचिन्हं.

"माझ्या नावाच्या जागी कोयते कोनी मांडले?" पापड लाटणाऱ्या रखमीने पाकिटावरची प्रश्नचिन्हं उलटीसुलटी करून पाहत विचारलं. नावाशिवाय माल ठाण्याच्या प्रदर्शनाला धाडायचा नाही, असं बायकांनी ठरवलं होतं.

हेमंतचं जव्हारला संगणकदुरुस्तीचं दुकान होतं. "यात विंडोज नाही, लिनक्स आहे," तो दारातूनच म्हणाला. "त्याला मराठी येते. फक्त ती वापर, असं कोणी सांगितलेलं नाही."

त्याने एक ओळ टाइप केली — भाषा मराठी, अक्षरं यूटीएफ-८ — आणि कागदावर रखमी उमटली, वेलांटीसकट. मंजुषाने त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. त्याची पुढची एसटीही चुकली.

संध्याकाळी वीज गेली. सकाळी पुन्हा कोयते.

मग हेमंत दर गुरुवारी येऊ लागला. ओळ टाइप करायची, गुळाचा चहा प्यायचा, भिजत परतायचं. वीज गेली की मराठी जाते, असं त्याने गंभीरपणे समजावलं. मोखाड्यात विजेबद्दल काहीही सांगा, लोकांना पटतं.

मंजुषाला पटलं नाही. वीज गेली तरी संगणकाला तारीख आठवते, मग भाषा का नाही? प्रदर्शन तोंडावर आलेलं. ती हट्टाने मदतीची पानं वाचत बसली, संगणक सुरू होताना वाचतो ती फाइल शोधली आणि तीच ओळ तिथे लिहिली. मग स्वतःच बटण बंद करून पुन्हा चालू केलं. रखमी जागच्या जागी.

गुरुवारी हेमंतने संगणकाच्या पडद्यावर आधीच आलेली मराठी पाहिली आणि त्याचा चेहरा उतरला.

"सर, ओळ कायमची लिहिता येते. तुम्हाला ठाऊक नव्हतं?" मंजुषाने विचारलं.

"होतं... पहिल्या दिवसापासून."

"मग?"

"कायमची लिहिली असती, तर — मला परत कोणी बोलावलं असतं?"

पाकिटं बांधणारी रखमी हसायची थांबेना. मंजुषा मात्र हसली नाही.

"बायकांच्या नावांशी खेळायचं नाही. गुरुवारी मात्र यायचं, हेमंत."

"कारण काय सांगू?"

"कारण कशाला हवं?" तिने कप पुढे केला. "आमची चूल विजेवर चालत नाही."

जव्हारची एसटी त्या दिवशी वेळेवर आली आणि हेमंतशिवाय वेळेवर गेली.