मागचं डावं

गॅरेजमध्ये त्याला सगळे पक्कड म्हणत. हातात घेतलेलं काम सोडत नाही म्हणून, असं तो सांगायचा. जेवायला बसतानाही पक्कड खिशात असते म्हणून, असं त्याची बायको सांगायची. वीस वर्षं पेट्रोलच्या गाड्यांत घालवून तो विजेच्या गाड्यांकडे वळला, तेव्हा जुने सोबती म्हणाले, आता तुझे हात काळे व्हायचे नाहीत बुवा. व्हायचे नाहीत म्हणे! विजेची झाली तरी गाडीच ती. चाकं तीच, ब्रेक तेच आणि लोकांची घाईही तीच.

त्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास काकू आल्या. छोटी पांढरी गाडी आवाज न करता आत येऊन उभी राहिली. काकू उतरल्या. तीन महिन्यांत बऱ्याच वाळल्या होत्या.

"दोन पिवळे दिवे लागलेत रे," त्या म्हणाल्या. "आणि पेडलवरून पाय उचलला की गाडी आपली आपण आवरायची ना, ती आवरत नाही. नुसती वाहत जाते."

"कधीपासून?"

"परवापासून. यांच्यानंतर परवाच पहिल्यांदा बाहेर काढली." काकूंनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "उद्या सकाळी लेकीला घेऊन घाट उतरायचाय. आठवा महिना आहे तिचा, डॉक्टरांनी बोलावलंय. आज होईल ना?"

"न व्हायला काय झालं? तुम्ही निवांत बसा काकू."

बसा म्हटलं खरं, पण दारापाशी खुर्ची एकच होती. त्या खुर्चीवर काका कधीच बसले नव्हते. बसा बसा म्हणून दहादा सांगितलं तरी उभेच.

काका म्हणजे काकूंचे यजमान. वजनमापं तपासण्याच्या खात्यातून निवृत्त झालेले, म्हणून गॅरेजभर त्यांचं नाव तपासनीस. महाकटकट्या माणूस! पक्कडची एक पद्धत होती. बोल्ट मापात आवळून झाला की त्यावर पिवळ्या रंगाची बारीक रेघ मारायची. रेघ असली की बोल्ट आवळलेला, नसली की राहिलेला. तपासनीस प्रत्येक चाकापाशी वाकून विचारायचे, "रेघ मारली का?" चाक चढलं की बुटाच्या टोकाने टायरवर एक टिचकी, आणि मग पुढच्या चाकाकडे. पुढचं डावं, पुढचं उजवं, मागचं उजवं, मागचं डावं. चौथी टिचकी पडली की म्हणायचे, "चला, गाडी तुमची नाही, आमची झाली." ते गेल्यावर पक्कड त्यांची हुबेहूब नक्कल करायचा आणि सगळे पोट धरून हसायचे.

तीन महिन्यांपूर्वी चारही चाकांच्या ब्रेकचं काम होतं. तीन चाकं झाली, तीन टिचक्या पडल्या. चौथ्यापाशी वाकता वाकता तपासनीस खालीच बसले. पक्कडने हातातला पाना टाकला, त्यांना उचललं, दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या गाडीत घातलं आणि दवाखाना गाठला. उपयोग झाला नाही. संध्याकाळी तो परत आला, चौथं चाक चढवलं, गाडी काकूंच्या दारात नेऊन उभी केली. त्या संध्याकाळचं त्याला पुढे काहीच आठवायचं नाही. त्यानंतर नक्कलही त्याने कधी केली नाही.

त्याने तपासणीचं यंत्र जोडलं. मागच्या डाव्या चाकाचा वेगाचा सेन्सर. त्याचा जीव भांड्यात पडला, कारण हे पोरखेळाचं काम. प्रत्येक चाकामागे अंगठ्याएवढा एक सेन्सर असतो, चाक किती वेगाने फिरतंय ते तो गाडीला सांगत राहतो. तो बिघडला की गाडीचा स्वतःवरच भरवसा उरत नाही, मग दिवे लागतात. या गाडीत तर चाकही काढावं लागत नाही. खालून हात घालून बदलता येतो.

मोठ्या बॅटरीची जोडणी तोडून त्याने तिला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली. गाडी वर उचलली. सेन्सर गंजून बसला होता. तेल सोडून, हळूहळू पिळत तो बाहेर काढला, जागा घासून पुसली, नवा बसवला. वायरची टोपी टक् करून बसली.

यंत्र तेच म्हणालं. मागचं डावं.

"आता काय डोंबल?" पक्कड पुटपुटला. उजवीकडचा सेन्सर काढून डावीकडे लावला, डावीकडचा उजवीकडे. चूक सेन्सरची असती तर ती बाजू बदलून गेली असती. गेली नाही. मीटर लावून वायर तपासली, शाबूत. त्याने चाकाचा वेग पडद्यावर मागवला.

तीन. शून्य. तीन. शून्य.

गाडी माणसाच्या उंचीवर टांगलेली. किल्ली त्याच्या खिशात. चाक जागचं हललेलं नव्हतं.

त्याने टायरवर तळहात ठेवला. रबर गार होतं. पडद्यावर तीन, शून्य, तीन, शून्य. हाताला काहीच कळलं नाही, आणि त्याने हात जरा घाईनेच काढून घेतला.

चार वाजत आले होते. काकू पिशवी मांडीवर घेऊन रस्त्याकडे बघत बसल्या होत्या. यंत्रातून बिघाडाची नोंद पुसून टाकली की दिवे विझतात, हे पक्कडला पक्कं ठाऊक होतं. विझले की गिऱ्हाईक खूश. पुन्हा लागायला एक दिवस तरी जातो. उद्याचा घाट होऊन जाईल, मग बघू सावकाश. असलं काम त्याने आजवर केलं नव्हतं. त्याने बटण दाबलं. दिवे विझले.

मग उगाच मनाच्या समाधानासाठी त्याने चारही चाकं एकदम पडद्यावर घेतली.

पुढचं डावं. तीन. शून्य.

मग थोडा वेळ काहीच नाही. गाडीच्या पुढून या बाजूचा माणूस त्या बाजूला जाईल, एवढा वेळ.

पुढचं उजवं. तीन. शून्य.

पुन्हा तेवढाच वेळ. पक्कड मनात पावलं मोजत होता आणि आपण मोजतोय हे त्याला उशिरा कळलं.

मागचं उजवं. तीन. शून्य.

मागचं डावं. तीन. शून्य. तीन. शून्य. तीन. शून्य.

थांबेचना.

त्याने चाक काढलं.

ब्रेकची चकती दोन्हीकडून धरणारा जो लोखंडी जबडा असतो, तो दोन बोल्टांवर बसतो. गाडीखालच्या आडव्या दांड्यामागे असल्यामुळे खालून ते दिसले नव्हते. वरचा बोल्ट दोन आट्यांवर लटकत होता. खालचा जागेवर नव्हताच. रेघ एकावरही नव्हती. बोल्ट हाताने फिरवून घातले, पाना उचलला, आणि तेवढ्यात तपासनीस खाली बसले. पुढे बोल्ट तसेच राहिले. वरून चाक चढवणारा हातही त्याचाच होता.

पक्कड जमिनीवर बसला. उद्याचा घाट त्याला वळणावळणाने दिसला. मागच्या सीटवर पोट सांभाळत बसलेली काकूंची लेकही दिसली, आणि त्याला ढसाढसा रडू आलं.

काकू उठून आल्या. त्याने काही लपवलं नाही. बोल्ट दाखवला, रेघ दाखवली, म्हणजे नसलेली रेघ. "काकू, माझी चूक. दिवा विझवून तुम्हाला पाठवणार होतो मी आत्ता. तुमच्या हातात आहे, काय हवं ते बोला मला."

काकूंनी तो बोल्ट हातात घेऊन उलटसुलट करून बघितला.

"त्या दिवशी यांना तसंच टाकून बोल्ट आवळत बसला असतास," त्या म्हणाल्या, "तर जन्मात तुझं तोंड बघितलं नसतं. ऊठ. आवळ आता."

त्याने नवे बोल्ट घातले, मापात आवळले, रेघा मारल्या. एक रेघ वाकडी गेली. ती पुसून पुन्हा मारली.

"एक सांगू?" काकू म्हणाल्या. "परवा गाडीत बसले आणि नुसतीच थांबले. यांची फेरी व्हायची आहे असंच वाटत राहिलं बघ. मग माझी मलाच लाज वाटली आणि निघाले."

त्याने चाक चढवलं, गाडी खाली घेतली, कुलूप काढून जोडणी केली. पडदा काकूंपासून थोडा वळवून ठेवला.

मागचं डावं. तीन. शून्य.

एकदाच. मग चारही रकान्यांत शून्य, आणि ते शून्यच राहिलं.

काकू निघून गेल्या. दारातून वळताना पाय उचलला तशी गाडी आपली आपण आवरली. पक्कडला इतकं बरं वाटलं की त्याने रिकाम्या खुर्चीला नमस्कार केला आणि कोणी पाहिलं तर नाही ना, म्हणून इकडेतिकडे बघितलं.

मग तो हात पुसत बसला. गॅरेज आणि घर यांच्या मधल्या अंगणात त्याची स्वतःची जुनी गाडी उभी होती. कित्येक महिन्यांत तिला पाना लागला नव्हता. पाच वाजता बायको ती घेऊन मुलीला शिकवणीहून आणायला जायची.

धप.

त्याने मान वर केली. अंगणात कोणी नव्हतं.

धप.

आवाज हलका होता, बुटाच्या टोकाने रबरावर मारल्यासारखा. पक्कड फडकं हातात घेऊन उभा राहिला. मधला वेळ तो आता न चुकता मोजत होता.

धप.

गाडीच्या मागून पलीकडे जायला लागतो तेवढा वेळ गेला. त्याच्या दुप्पट गेला. चौथी टिचकी पडली नाही.

तेवढ्यात बायको किल्ली नाचवत आली आणि तिने गाडीचं दार उघडलं.

"थांब," पक्कड म्हणाला. "किल्ली दे."

"का? काय झालंय गाडीला?"

त्याने पाना उचलला आणि मागच्या डाव्या चाकाकडे निघाला.

"अजून माहीत नाही," तो म्हणाला.