अकरा जणींचं क्वालिटी सर्कल

नोटीस बोर्डापुढे एवढी गर्दी म्हणजे बोनस जाहीर झाला असणार, असं समजून विशाखा गांगुर्डे टाचा उंचावून बघायला गेली. बघते तर काय, बोर्डावर दोनच ठळक शब्द, तेही इंग्रजीत: क्वालिटी सर्कल. आणि खाली मॅनेजर बोरसे साहेबांची लफ्फेदार सही.

"वाचता येत नाहीये... की समजत नाहीये?" मागून कुणीतरी विचारलं.

ती गर्रकन वळली. सावळा, उंच, खिशाला तीन पेनं लावलेला एक तरुण उभा होता.

"वाचता येतंय. मॅट्रिक पास आहे मी," विशाखा फणकारली. "तुम्हाला समजलंय का?"

"मला?" तो गडबडला. "नाय... म्हणजे, नाही."

आणि स्वतःच असा खळखळून हसला, की विशाखालाही हसू फुटलं. ते तिने पदरात दाबलं खरं, पण डोळ्यांतलं कुठे लपवणार? पेनवाल्याने ते बरोबर टिपलं.

तो रतन पगारे. चांदवडकडचा, आयटीआय झालेला, आणि आजपासून विशाखाच्या वाइंडिंग सेक्शनचा नवा इन्स्पेक्टर. ती दिवसभर तांब्याची तार गुंडाळून करणार त्या कॉईली पास करायच्या की नापास, हे आता तो ठरवणार होता. हे कळल्यावर बाईसाहेबांचं हसू जरा आवरलं!

ही गोष्ट चौऱ्याऐंशी सालची, नाशिकच्या सातपूरमधल्या एका कारखान्यातली. बोरसे साहेब मुंबईला चार दिवसांच्या ट्रेनिंगला गेले आणि येताना हा शब्द घेऊन आले. अर्थ कुणाला ठाऊक नव्हता, म्हणून तर वापर दणक्यात सुरू झाला! कॅन्टीनमध्ये चहा पांचट लागला की लोक म्हणायचे, "गेणूभाऊ, तुमच्या चहाचं क्वालिटी सर्कल भरवा एकदा." वॉचमन उशिरा येणाऱ्यांना गेटवर दम भरायचा, "असं चालायचं नाही, आता क्वालिटी सर्कल आलंय!" आणि खुद्द बोरसे साहेब? ते दर सोमवारी अर्धा तास एकटेच बोलायचे, बाकीचे माना डोलवायचे, आणि रजिस्टरवर सगळ्यांच्या सह्या व्हायच्या. झालं सर्कल!

वाइंडिंगच्या अकरा जणींना मात्र गंमत सुचत नव्हती. त्यांच्या शंभर कॉईलींतल्या वीस-वीस टेस्टिंगला नापास होत होत्या. बोरसे साहेबांनी सोमवारी सांगूनच टाकलं, "सप्टेंबर अखेर रिजेक्शन खाली आलं नाही, तर हे काम बाहेरच्या कंत्राटदाराला देणार. सेक्शन बंद."

सेक्शन बंद म्हणजे अकरा घरांच्या चुली अडचणीत. विशाखाचे वडील गेल्यापासून घरात आई, कॉलेजात जाणारी धाकटी बहीण आणि हिची नोकरी, एवढंच होतं.

त्यात आणखी एक विचित्र गोष्ट. सगळ्यांच्या कॉईली नापास होत होत्या, विशाखाच्या सोडून! शंभरात तीन, फार तर चार. रतन वही घेऊन तिच्या मशीनपाशी यायचा, उभा राहायचा, बघत राहायचा...

"काय बघताय?" एकदा तिने मान वर न करता विचारलं.

"तुमच्या कॉईली चांगल्या का होतात, ते शोधतोय."

"मग कॉईलीकडे बघा ना. माझ्याकडे काय बघता?"

"कॉईली बघून झाल्या..." तो कसाबसा म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला.

विशाखाच्या बोटातली तार तेवढ्यात सुटली. त्या दिवशी पहिल्यांदाच तिचे तारेचे फेरे चुकले, आणि ते का चुकले हे तिने कुणालाही सांगितलं नाही.

पण बायकांची नजर ती! सेक्शनमधली लताबाई मनाची चांगली, पण तोंडाला कुलूप म्हणून नाही. जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांदेखत म्हणाली, "हिच्या कशा नापास होतील बाई? इन्स्पेक्टर घरचाच आहे!"

डबा तसाच झाकून विशाखा तडक टेस्टिंगच्या टेबलाकडे गेली.

"पगारे साहेब, खरं सांगा. माझ्या कॉईली तुम्ही मुद्दाम पास करता?"

रतनचा चेहरा पडला. "असं वाटतं तुम्हाला?"

"मला नाही वाटत. पण उद्या कुणाला वाटायला नको." तिने पुढचं नेटाने सांगितलं. "उद्या अकरा जणींच्या कॉईली एकत्र करून देते. आमच्या टोकन नंबरच्या चिठ्ठ्या काढून दुसरे आकडे लावू. कोणता आकडा कुणाचा, ते लताबाई स्वतःजवळ लिहून ठेवतील. तुम्ही तपासा, आणि मग सगळ्यांसमोर मोजू."

"आणि तुमच्याच नापास निघाल्या तर?"

"तर तुमचं तोंड बघणार नाही पुन्हा."

"मग तर देवा... लय जपून तपासायला हवं," रतन पुटपुटला.

दुसऱ्या दिवशी दुपारी निकाल लागला. लताबाईने यादी वाचली, पुन्हा वाचली, आणि तिचा आवाज हळूहळू बसत गेला. विशाखाच्या पन्नासांतल्या दोन नापास. बाकीच्यांच्या दहा, अकरा, नऊ. रतन निर्दोष सुटला, विशाखाही सुटली. पण दहा जणींची तोंडं एवढीएवढीशी झाली. सर्वांत जुन्या कुसाबाई डोळे पुसत म्हणाल्या, "म्हणजे आमचा हातच वाईट म्हणायचा. बारा वर्षं गुंडाळतेय मी..."

जिंकूनही विशाखाला काही गोड लागेना. आपण एकट्या राहिलो आणि सेक्शन गेला, तर काय उपयोग त्या पास कॉईलींचा?

तिने सरळ आपलं स्टूल उचललं आणि मशीनच्या मधल्या मोकळ्या जागेत नेऊन ठेवलं. "या गं सगळ्या. गोल बसा. साहेबांचं सोमवारचं नको, आपलं आपण बोलू. पगारे साहेब, तुम्हीही वही घेऊन या."

रतन आला. वहीत रोजचं रिजेक्शन तारखेनिशी लिहिलेलं होतं. आधीच्या इन्स्पेक्टरची जुनी पानंही त्याने उतरवून घेतली होती. त्याने वाचायला सुरुवात केली. "जुलैत शंभरात सात, आठ, सात... ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात एकदम अठरा. आणि गेल्या वर्षीही ऑगस्टातच वाढलंय."

"नागपंचमी," कुसाबाई सहज बोलून गेल्या.

"काय?"

"त्या आठवड्यात नागपंचमी होती. आम्ही सगळ्या कासाराकडे जाऊन आलो, जुन्या काढून हातभर नव्या हिरव्या बांगड्या भरल्या."

रतनची नजर विशाखाच्या हातांवर गेली. मनगटावर एक घड्याळ, बाकी हात मोकळे. बांगड्या तिला लहानपणापासून टोचायच्या, ती घालतच नसे.

"जरा तार धरून दाखवता?" रतन कुसाबाईंना म्हणाला.

कुसाबाईंनी तांब्याची केसासारखी बारीक तार बोटातून सोडली. मशीन फिरलं. तार बोटावरून येत होती आणि येता येता काचेच्या बांगडीला घासत होती. प्रत्येक बांगडीला जिथे सांधा असतो, तिथे ती नवी असताना किंचित खरखरीत असते, वापरून वापरून मगच गुळगुळीत होते. तारेवरचा, वीज अडवणारा इनॅमलचा पातळ थर तिथेच खरवडला जात होता. डोळ्यांना दिसायचं नाही, टेस्टिंगला मात्र कॉईल शॉर्ट!

"अगं बाई!" लताबाईने कपाळावर हात मारला.

बोरसे साहेबांना कळलं तेव्हा ते धावत आले. "सोपं आहे. उद्यापासून बांगड्या बंद!"

"जमायचं नाही साहेब," कुसाबाई ताठ झाल्या. "घरचे मालक खुशाल असताना मी रिकाम्या हातांनी बसू होय? त्यापेक्षा घरी बसवा."

साहेब इरेला पेटले, कुसाबाई हटेनात. सगळं पुन्हा फिसकटतंय की काय, असं रतनला वाटायला लागलं. तेवढ्यात विशाखा पुढे झाली.

"साहेब, एक दिवस द्या. बांगड्या राहतील आणि तारही वाचेल."

घरी गेल्यावर तिने आईचं शिलाई मशीन पुढ्यात ओढलं. मांजरपाटाच्या वीस बाह्या शिवल्या, मनगटापासून कोपरापर्यंतच्या, दोन्ही टोकांना इलॅस्टिक. सकाळी दहा जणींनी त्या बांगड्यांवरून चढवल्या. आधी हसू, मग चेष्टा, मग काम. संध्याकाळी रतन टेस्टिंगच्या टेबलावरून ओरडला तो ओरडलाच,

"शंभरात चार! अख्ख्या सेक्शनच्या, शंभरात चार!"

कुसाबाईंनी विशाखाला कडकडून मिठी मारली. आणि लताबाई? ती रतनपुढे जाऊन कान पकडून उभी राहिली. "चुकले हो साहेब!"

सप्टेंबर अखेर मुंबईचे मोठे साहेब आले. भरल्या हॉलमध्ये त्यांनी विचारलं, "क्वालिटी सर्कल म्हणजे नेमकं काय, कोण सांगेल?" बोरसे साहेब उठणार, एवढ्यात रतन म्हणाला, "गांगुर्डेबाई सांगतील."

विशाखा उठून उभी राहिली. मागे दहा जणी बसल्या होत्या.

"साहेब, जे काम करतात त्यांनाच त्यातली अडचण ठाऊक असते. त्यांनी गोल बसायचं, एकमेकांचं ऐकायचं, कुणाला दोष न देता चूक शोधायची आणि आपणच ती दुरुस्त करायची. एवढंच. आम्ही अकरा जणी आणि एक इन्स्पेक्टर बसलो, झालं."

हॉलभर टाळ्या वाजल्या. मोठ्या साहेबांनी तिथल्या तिथे जाहीर केलं, वाइंडिंग सेक्शन बंद होणार नाही. दहा जणी ओरडल्या, शिट्टीही वाजली, आणि ती कुसाबाईंनी वाजवली असं लोक अजून सांगतात.

कारखाना सुटल्यावर बस स्टॉपवर रतन तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. तीन पेनांतलं एक काढलं, परत लावलं.

"एक विचारायचं होतं... म्हणजे, सांगायचं होतं..."

"आता कशाची तपासणी राहिली?"

"तपासणी नाही." त्याने श्वास घेतला. "विशाखा, मला तू आवडतेस. लय आवडतेस. त्या नोटीस बोर्डापासून. उद्या म्हणालीस तर सेक्शन बदलून घेईन, म्हणजे कुणी तुझ्या कामाला नावं ठेवणार नाही. पण एकदा खरं सांग... तुला..."

तिचे डोळे भरून आले, ओठ मात्र हसत होते.

"मलाही आवडता तुम्ही. पहिल्यांदा फेरे चुकले ना माझे, त्या दिवशीच कळलं मला." ती क्षणभर थांबली. "रविवारी घरी या. पण एकटे येऊ नका. चांदवडहून आई-वडिलांना घेऊन या. माझ्या आईला रीतसर विचारा."

रतनने पेन पुन्हा काढलं, पुन्हा लावलं. स्टॉपला लागलेल्या बसच्या खिडक्यांतून एकदम पाच-सहा डोकी बाहेर आली, आणि लताबाई सगळ्या सातपूरला ऐकू जाईल अशी ओरडली,

"अहो, हो म्हणा ना साहेब! आमची बस सुटतेय!"

"हो!" रतन इतक्या जोरात ओरडला, की ड्रायव्हरने सुरू केलेली बस पुन्हा थांबवली.